मदत हवी आहे: वसई किल्ल्यालगतच्या चर्चचं छप्पर, दुरुस्ती की पुनर्बांधणी?

आमचं चर्च वसई किल्ल्याच्या तटापासून 100 मीटरच्या आत येतं. चर्च स्वतः संरक्षित स्मारक नाही, पण किल्ला केंद्रीय संरक्षित, त्यामुळे प्राचीन स्मारकांबाबतचा 1958 चा कायदा आणि त्यातली 2010 ची सुधारणा लागू. या पट्ट्यात (कायद्याच्या भाषेत प्रतिबंधित क्षेत्रात) नवं बांधकाम बंद. 16 जून 1992 पूर्वीच्या इमारतीची दुरुस्ती मात्र परवानगी घेऊन करता येते.

छपराचे वासे वाळवीने पोखरलेत. कौलं परतून झाली, ताडपत्रीही टाकली, तरी पावसात वेदीवर पाणी येतंच. इंजिनिअर म्हणतात, लाकूड काढून लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) बसवा. भिंती, उंची, लांबी-रुंदी तीच आणि वर पुन्हा मंगलोरी कौलंच. (पत्रा सुचवू नका, तो वाद पॅरिशमध्ये एकदा होऊन गेलाय.)

घोडं अडलंय ते व्याख्येवर. कायद्यातल्या ‘दुरुस्ती’ या शब्दाच्या व्याख्येत पुनर्बांधणी धरत नाहीत, आणि पुनर्बांधणीला 100 मीटरच्या आत वाव नाही. तोंडी चौकशी केली तर प्रत्येक टेबलावर निराळं उत्तर. धर्मप्रांताची संमती, मिळकत पत्रिका, 1992 आधीच्या घरपट्टीच्या पावत्या, जुने फोटो हे सगळं हाताशी आहे. अर्ज अजून केलेला नाही, कारण चुकीच्या शीर्षकाखाली गेला तर पुढचा पावसाळाही तसाच जाईल.

लाकडाऐवजी लोखंड घातलं तर ती दुरुस्तीच धरतात का? कुणी प्रतिबंधित क्षेत्रात असं छप्पर बदललं असेल, तर अर्जात कामाचं वर्णन नेमकं कसं लिहिलं होतं?