४५ वर्षांचे जुने घर विकण्यापूर्वी नेमके काय दुरुस्त करावे आणि काय तसेच ठेवावे?

जुनी खिडकी यांचा प्रश्न

नमस्कार. आई-वडिलांचे घर विकायचे असे आम्ही तिघा भावंडांनी ठरवले आहे. घर स्वतंत्र असून तळमजला आणि वर एक मजला असे विटांचे बांधकाम आहे आणि त्याला आता ४५ वर्षे झाली. वडील गेल्यानंतर आई धाकट्या भावाकडे राहायला गेली, त्यामुळे गेले आठ महिने घर बंदच आहे. मागच्या आठवड्यात आवराआवर करण्यासाठी मी चार दिवस तिथे राहून आले आणि इतकी वर्षे वावरूनही कधी न जाणवलेल्या गोष्टी या वेळी डोळ्यांत भरल्या. स्वयंपाकघरातील कपाटांची दारे बिजागऱ्यांतून उतरली आहेत, न्हाणीघरातील टाइल्स त्या काळी आवडीने बसवलेल्या गडद हिरव्या रंगाच्या आहेत, विजेची बटणे काळ्या बेकेलाइटची आहेत आणि कुलूप काढून दार उघडले की कुबट वास येतो. मागच्या खोलीतील लाकडी कपाट सरकवले, तेव्हा त्यामागच्या भिंतीवर जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले दिसले. बोट लावले तर आतला गिलावा पिठासारखा गळून पडला आणि त्यावर मिठासारखे पांढरे काहीतरी फुललेले होते.

ठेकेदाराच्या मते स्वयंपाकघर आणि दोन्ही न्हाणीघरे फोडून नवीन करावीत, त्याशिवाय चांगला भाव येणार नाही. मोठा भाऊ म्हणतो की आहे तसे विकून मोकळे व्हावे, तर धाकट्याचा आग्रह आहे की सगळीकडे फिकट रंगाचा एक हात मारला की पुरे. आईची एवढीच इच्छा आहे की घेणाऱ्याला नंतर फसवले गेल्यासारखे वाटू नये. आमच्याकडे पैसा मर्यादित आहे आणि वेळ साधारण तीन महिन्यांचा आहे. आधी कशाला हात घालावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

ओळंबा यांचा प्रतिसाद

ताई, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी तीस वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घेणाऱ्याला हिरव्या टाइल्स दिसल्या की त्या बदलायला किती खर्च येईल, याचा हिशेब तो मनातल्या मनात करू शकतो आणि आवडत नसल्या तरी त्या स्वीकारतो. भिंतीवरची ओल दिसली की मात्र त्याला अंदाजच बसत नाही, आणि जिथे अंदाज बसत नाही तिथे तो सर्वांत मोठा आकडा धरून भाव पाडतो किंवा घर सोडून देतो. म्हणून तुमच्या घरात पहिले काम मागच्या खोलीतील त्या भिंतीचे आहे, बाकी सगळे त्यानंतर.

भिंतीत ओल तीन वाटांनी येते. पहिली जमिनीतून वर चढणारी. वीट आणि चुना-सिमेंट यांतील बारीक छिद्रांतून पाणी दिव्याच्या वातीतील तेलासारखे वर ओढले जाते, बहुतेक वेळा एक मीटरच्या आतच थांबते आणि सोबत जमिनीतील क्षार घेऊन येते. पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरून फुलतात, तोच तुम्हाला दिसलेला पांढरा खार आहे. दुसरी वाट बाहेरून किंवा आतल्या नळातून झिरपणाऱ्या पाण्याची. फुटलेली पन्हळ, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट किंवा भिंतीत गंजलेला लोखंडी पाइप असेल, तर डाग त्या जागेभोवतीच पसरतो. तिसरी वाट हवेतील दमटपणाची. गार भिंतीवर, विशेषतः कपाटामागे हवा खेळत नाही तिथे, बाष्प जमते आणि काळी बुरशी धरते, मात्र त्यातून असा खार फुटत नाही. यावरून तुमच्याकडे पहिल्या प्रकाराची शक्यता अधिक वाटते, परंतु खात्री करून घ्या. पोपडे निघालेल्या जागेच्या शेजारी जिथे रंग अजून घट्ट आहे, तिथे हातभर लांब-रुंद ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांना चिकटपट्टी लावून बंद करा आणि दोन दिवसांनी काढा. ओलावा फॉइलच्या भिंतीकडील बाजूला असेल तर पाणी भिंतीतून येते आहे आणि खोलीकडील बाजूला असेल तर ते हवेतील बाष्प आहे.

त्याच वेळी घराबाहेर जाऊन त्या भिंतीचा पायथा नीट पाहा. जोत्यामध्ये ओल अडवणारा एक थर दिलेला असतो आणि बाहेरची माती किंवा फरशी त्याच्याही वर आलेली असेल, तर तो थर असून नसल्यासारखा होतो. भिंत आतून बरी करण्याच्या नादात बाहेरचे हे कारण तसेच राहून जाते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

धाकट्या भावाला माझा निरोप सांगा की ओल्या भिंतीवर रंग मारू नका. रंग काही आठवड्यांत पुन्हा सुटतो आणि घर पाहायला येणाऱ्याला ताज्या रंगाखालचा फुगवटा दिसला, की तुम्ही काहीतरी लपवत आहात असे त्याला वाटते. मग तो उरलेल्या धडधाकट भिंतींवरही विश्वास ठेवत नाही. नवीन सिमेंटचा गिलावा केला तर त्यालाही सुमारे चार आठवडे वाळू द्यावे लागते. भिंत मुळात चुन्यात बांधलेली असेल तर वरून घट्ट सिमेंट थापू नका, कारण ओल आत कोंडते आणि आणखी वर सरकते. तिथे गिलावाही चुन्याचाच करावा.

आणखी एक सावधगिरी आहे, आणि ती प्रकृतीची असल्यामुळे कळकळीने लिहितो. इतक्या जुन्या घरातील दारे-खिडक्यांच्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नका. पाणी मारून ओला घासा आणि त्या दिवसांत लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना घरात आणू नका. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यांना भोक पाडणे, घासणे किंवा फोडणे टाळा, धडधाकट पत्रे आहेत तसे राहू द्या.

कडीकोयंडा यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. माझा अनुभव स्वयंपाकघराविषयी आहे. सासूबाईंचे घर विकण्यापूर्वी आम्ही मोठ्या हौसेने ओटा, कपाटे, टाइल्स असे सगळे नवीन केले. ज्या कुटुंबाने घर घेतले त्यांनी तीन महिन्यांत ते सगळे काढून मधली भिंत पाडली, कारण त्यांना स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीला जोडायचे होते. आमचा खर्च भावात पूर्ण वसूल झाला नाही आणि चांगले सामान वाया गेल्याचे दुःख वेगळेच. नवीन माणसाची आवड आपल्याला आधी कळत नाही, म्हणून ठेकेदाराचा सल्ला मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी उतरलेल्या बिजागऱ्या बदला, टाइल्समधील काळे पडलेले सांधे खरवडून नव्याने भरा, ओट्याच्या आणि बेसिनच्या कडेचे जुने सिलिकॉन काढून नवे लावा, ठिबकणाऱ्या नळांचे वॉशर बदला. हिरव्या टाइल्स अखंड असतील तर स्वच्छ सांध्यांमुळे त्याच जपलेल्या दिसू लागतात. दारे, कड्या, खिडक्यांचे खटके एकदा स्वतः उघडून-मिटून पाहा. घर पाहणारा माणूस खिडकीला हात लावतोच, आणि ती अडकली की त्याचा हात तिथेच थांबतो. हे मी आमच्या घरी प्रत्येक वेळी पाहिले.

कुबट वासाचे सगळे खापर ओलीवर फोडू नका. बेसिन आणि न्हाणीघराच्या जाळीखाली वाकड्या नळीत थोडे पाणी कायम साठलेले असते आणि गटारातील वायू ते पाणीच अडवून धरते. आठ महिने घर बंद असल्यामुळे ते उडून गेले असणार. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता, नंतर आठवड्यातून एकदा हे करत राहा आणि सगळ्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. कपाटे, जुने पडदे, गाद्या यांतही वास मुरलेला असतो, त्या वस्तू आधी हलवा. आपल्या घराचा वास आपल्याला जाणवत नाही, त्यामुळे एखाद्या शेजाऱ्याला आत बोलावून विचारावे.

मोजपट्टी यांचा प्रतिसाद

मी सध्या घर शोधतो आहे आणि गेल्या काही महिन्यांत अठरा जुनी घरे पाहिली, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. बेकेलाइटची बटणे पाहून मला पहिला प्रश्न पडतो तो त्यामागच्या तारांचा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि तारांचे आवरण तपासून लेखी अहवाल घ्या, आणि ३० मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी (धक्क्यापासून वाचवणारा सुरक्षा स्विच) बसलेला नसेल तर तेवढा आवर्जून बसवा. त्या एका कागदामुळे माझ्यासारख्या माणसाची निम्मी शंका मिटते. मंजूर नकाशा, करभरणा आणि आजवरच्या दुरुस्त्यांच्या पावत्याही एकाच फाइलमध्ये समोर ठेवल्या तर बोलणे भावापर्यंत लवकर येते.

खोल्या मोकळ्या करा, पण पूर्ण रिकाम्या करू नका. रिकाम्या खोलीत पलंग मावेल का, हे नजरेला कळत नाही. आणि जिथे दिवे जुने आहेत तिथे सगळीकडे एकाच छटेचे, साधारण ३००० केल्विनचे (उबदार, पिवळसर प्रकाशाचे) दिवे लावा, कारण एका खोलीत पिवळा आणि दुसरीत निळसर प्रकाश असला की भिंतींचे रंगही डागाळलेले वाटतात.

जुनी खिडकी

सर्वांचे मनापासून आभार. काल फॉइल काढून पाहिले, भिंतीकडील बाजू ओली होती. मग बाहेर गेले आणि कारण समोरच दिसले. वडिलांनी निवृत्तीनंतर त्या भिंतीलगत फुलझाडांचा वाफा केला होता आणि दर वर्षी त्यात नवी माती घालत गेल्याने ती जोत्याच्या वर वीतभर आली आहे. वाफा काढावा लागणार, हे आईला सांगताना जड गेले, पण तिने स्वतःच झाडे कुंड्यांत हलवायला सांगितली. काका, माती काढल्यावर तीन महिन्यांत भिंत वाळेल का?

ओळंबा

ताई, पूर्ण वाळणार नाही. भिंतीच्या दर इंच जाडीला साधारण एक महिना असा आमच्याकडे ढोबळ हिशेब धरतात, म्हणजे नऊ इंची भिंतीला बराच काळ लागेल. माती जोत्याच्या किमान वीतभर खाली न्या, पाणी भिंतीपासून दूर वाहील असा उतार द्या आणि आतला सुटलेला गिलावा काढून वीट उघडी ठेवा. बाकी घर रंगवा, ती भिंत रंगवू नका. माती काढण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह त्या फाइलमध्ये लावा आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती भिंत तुम्ही स्वतःहून, त्याने विचारण्याआधी दाखवा. कपाट पुन्हा तिथे लावू नका.