मदत हवी आहे: अंजन गवताचं बी भरलेलं की पोकळ, पेरणीआधी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

माण तालुक्यात आमचा मुरमाड माळ पडीक आहे. मेंढ्यांसाठी यंदा त्यावर अंजन गवत आणि स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं कुरण करायचंय. स्टायलोचं बी टणक, चकचकीत आहे, त्याची काळजी नाही. अडलंय अंजनापाशी.

एका दुकानात सीलबंद पिशवी आहे. लेबलवर शुद्धता 80 टक्के, उगवण 30 टक्के. दुसरा विक्रेता सुटं बी निम्म्या भावात देतोय, लेबल नाही. म्हणतो, "ओलिताखालचं आहे, गेल्याच महिन्यात काढलंय, एकदम ताजं." मूठभर तळहातावर चोळून फुंकर मारली, तर केसाळ तुसं उडून गेली आणि बारीक दाणे थोडेच उरले.

सोयाबीनची उगवण आम्ही गोणपाटात 100 दाणे गुंडाळून बघतो. इथं 100 काय मोजायचे, तुसाचे गोंडे की आतले दाणे? पाण्यात टाकलं तर सगळंच तरंगतं. आणि 30 टक्के उगवण म्हणजे फारच कमी नाही का? पाऊस तोंडावर आलाय, कृपया जाणकारांनी सांगावं.

उत्तर १
दादा, सोयाबीनची 70 टक्क्यांची फूटपट्टी इथं लावू नका. अंजनाला 30 टक्के चालतं. शुद्धता 80 गुणिले उगवण 30 भागिले 100 केलं की 24 टक्के येतात, म्हणजे किलोभर बियात उगवणारं बी पाव किलोही नसतं. भावाची तुलना या आकड्यावर करा. सुट्या मालाचा आकडाच माहीत नसेल, तर निम्मा भाव स्वस्त की महाग हे कळणार कसं?

दोन्हीकडचं दहा-दहा ग्रॅम बी चोळून दाणे वेगळे काढा आणि तोला. मग 100 गोंडे तसेच आणि 100 सोललेले दाणे, असे दोन वेगळे ओले कागद लावा. काही गोंड्यांत दाणाच नसतो, काहींत दोन-तीन असतात, म्हणून दोन्ही बघावं लागतं. सोललेले उगवले आणि गोंडे नाही उगवले, तर बी जिवंत आहे पण सुप्तावस्थेत आहे. अंजनाचं ताजं बी असंच अडून बसतं, काही महिने कोरडं ठेवल्यावर चांगलं उगवतं. त्यामुळे "एकदम ताजं" ऐकून खूश होऊ नका. कागद आठवड्यात फेकू नका, तीन-चार आठवडे ओल टिकवा. खात्रीच करायची तर पुणे, परभणी किंवा नागपूरच्या सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या.

सुट्या मालात कुसळी आणि गाजर गवताचं बीही शोधा. कुसळं लोकरीतून कातडीत घुसतात, मेंढीचे फार हाल होतात.

उत्तर २
भाऊ, स्टायलोचं बी टणक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्या कठीण सालीतून पाणीच आत जात नाही. 80 अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून, गार करून, सावलीत सुकवा. आधी मूठभर करून बघा. दोन्ही बियाणी ओलसर मातीत मिसळून वरच्यावर फेका, सेंटिमीटरभराच्या खाली गेली तर कोंब वर येत नाही.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. यंदा सीलबंदच घेतो, कागद आजच लावतो. सुटं बी जिवंत निघालं तर थोडं घेऊन पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवावं म्हणतो. ते कापडी पिशवीत ठेवू की पत्र्याच्या डब्यात? घरात उंदीर आहेत.