भीती वाटली म्हणजे विश्वास कमी?
कुणीतरी लिहिलंय, देवावर खरा विश्वास ठेवणारा घाबरतच नाही. मला नाही पटत. बायबलमधल्या स्तोत्र ५६ चा मथळाच बघा: पलिष्टी या शत्रू लोकांनी दावीदाला (पुढे इस्राएलचा राजा झाला तो) त्यांच्या गथ शहरात धरलं तेव्हाचं. तिथे हा गडी इतका टरकला होता, की दाढीवर लाळ गाळत, वेशीच्या दारांवर ओरखडे काढत त्यानं वेडाचं सोंग घेतलं (बायबलमधलं १ शमुवेल हे पुस्तक, अध्याय २१). आणि त्याच स्तोत्रात म्हणतो, भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवीन. वाटणारच नाही, असं कुठे म्हणतोय? आईच्या ऑपरेशनच्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून मी ही एकच ओळ घोकत होते. हात तरीही थरथरत होते. थर्मासचं झाकणसुद्धा उघडेना. शेवटी शेजारच्या आजींनी उघडून दिलं.