‘अटॅक’ येतो, होतो की करतात?

खडूची धूळ (प्रश्न)

मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो. २३ वर्षं झाली. यंदा ‘अटॅक’ या एका शब्दानं मला जेरीस आणलंय.

सहामाहीच्या पेपरात साधं वाक्य होतं: शत्रूनं रात्री किल्ल्यावर हल्ला केला, या अर्थाचं. मराठीत भाषांतर करायचं. एका पोरानं लिहिलं, ‘शत्रूला रात्री किल्ल्यावर अटॅक आला.’ आधी मी हसलो. मग पुढच्या गठ्ठ्यात तेच उत्तर आणखी चौघांनी लिहिलेलं दिसलं. कॉपी म्हणावी तर पाचही जण वेगवेगळ्या वर्गांत बसले होते.

त्यांना तरी काय बोलणार? मागच्या उन्हाळ्यात मेहुण्याचा फोन आला. रेंज धड नाही. ‘दाजी, आबा… अटॅक…’ एवढंच कानावर पडलं नि फोन कटला. सासऱ्यांना शुगर, त्यात वय ७१. बायको रडायला लागली. मी कपाटातली ईसीजीची फाईल काखोटीला मारली आणि गाडी काढली. पोचलो तर आबा ओट्यावर चहा घेत बसलेले. तोंड पुरीसारखं टम्म, एक डोळा पार मिटलेला. आंब्यावरचं आग्यामोहोळ उठलं होतं. डॉक्टरनं इंजेक्शन देऊन घरी पाठवलेलं. मेहुणा म्हणतो, ‘अहो, माश्यांनी अटॅक केला, हेच सांगत होतो की!’ ‘हल्ला’ म्हणाला असता तर निदान फाईल शोधत बसलो नसतो. अर्थात आमच्याकडे ‘हल्ला’ म्हटलं की बिबट्या आणि ‘अटॅक’ म्हटलं की हृदय, त्यामुळे घाम तेवढाच फुटला असता.

तर प्रश्न असा. शब्दकोशात बघावं तर हल्ला, चढाई, आक्रमण, झटका, सगळे एका रांगेत, मध्ये फक्त स्वल्पविराम. पोरांना कुठला कधी घ्यायचा हे सांगायचं कसं? मी आत्तापर्यंत ‘आला म्हणजे आजार, केला म्हणजे हल्ला’ असं सांगत आलोय. पण नववीतल्या एकानं परवा विचारलं, ‘सर, शार्क अटॅकमध्ये शार्क हल्ला करतो, मग हार्ट अटॅकमध्ये हार्ट कुणावर हल्ला करतं?’ तास संपल्याची घंटा झाली म्हणून वाचलो.

वॉर्ड नंबर तीन

सर, त्या पोराला सांगा, हार्ट करत नाही, हार्टवर होतो. हृदयालाच रक्त पुरवणारी नळी गाठीनं बंद पडते.

मी नर्स आहे. आमच्याकडे ‘अटॅक’ हा शब्द नातेवाइकांच्या तोंडी इतका सैल झालाय की तो ऐकून आम्ही काहीच ठरवत नाही. ‘मायनर अटॅक येऊन गेला’ म्हणतात, आणि कागद बघितले तर ॲसिडिटी. ‘पॅरालिसिसचा अटॅक’ म्हणून आणतात आणि छातीचा फोटो काढा म्हणून मागे लागतात. तो मेंदूचा मामला असतो हे सांगेपर्यंत वेळ जातो, आणि तिथे वेळच महत्त्वाचा. आमची आजी सरळ ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणायची. ते कुणाला छातीचं वाटलं नाही. दमा ‘उठतो’, फिट ‘येते’, लकवा ‘मारतो’. इंग्रजीत या बऱ्याच ठिकाणी एकच शब्द चालतो, आपण प्रत्येक दुखण्याला वेगळं क्रियापद ठेवलंय. तेच शिकवा ना.

छाटणीवाला, निफाड

गुरुजी, तुमचा ‘आला म्हणजे आजार’ हा नियम माणसांपुरता ठीक. द्राक्षाच्या गोडी (फळांसाठीच्या) छाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे कोवळे कोंब फुटताना, पाऊस झाला की आम्ही काय म्हणतो? ‘बागेवर डावणीचा अटॅक आलाय.’ डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. आता बोला. ‘वर’ पण आहे आणि ‘आला’ पण आहे. आजार पण आहे आणि हल्ला पण आहे, कारण ओल राहिली तर थोड्याच दिवसांत पानं-घड सगळं जातं. कृषी खात्याच्या पत्रकात त्याला ‘प्रादुर्भाव’ म्हणतात. तो शब्द वाचून औषध मारायला कुणी पळत नाही, ‘अटॅक’ ऐकून रात्री बॅटरी घेऊन बागेत जातो माणूस.

खडूची धूळ

छाटणीवाले, तुम्ही नियम मोडला तो बरा मोडला. रात्रभर डोक्यात तेच होतं. तुमच्या वाक्यात ‘डावणीचा’ आणि ‘बागेवर’ असे दोन भाग आहेत, आणि इंग्रजीतही तसेच दोन आहेत: डावणीचा तो ‘ऑफ’, बागेवर तो ‘ऑन’. दम्याचा अटॅक, ‘ऑफ’. किल्ल्यावरचा अटॅक, ‘ऑन’. म्हणजे क्रियापदाकडे नाही, शेपटाकडे बघायचं.

फक्त यात एक खड्डा आहे आणि आमची अर्धी दहावी त्यात पडते. आपण ‘त्याच्यावर हल्ला केला’ म्हणतो म्हणून पोरं ‘अटॅक्ड ऑन हिम’ लिहितात. नामाला ‘ऑन’ चालतो, क्रियापदाला चालत नाही. ‘ॲन अटॅक ऑन द फोर्ट’ बरोबर, ‘दे अटॅक्ड ऑन द फोर्ट’ चूक. दर वर्षी लाल पेनानं तो ‘ऑन’ खोडून माझं बोट दुखतं. खरं सांगायचं तर नोकरीच्या अर्जात मीही तेच लिहिलं असतं, शाळेत मला कुणी खोडून दाखवलं नव्हतं.

काळा कोट

एक भर. पोरांना ‘असॉल्ट’ म्हणजेच ‘अटॅक’ असं शिकवू नका. कायद्याच्या मराठीत असॉल्टला ‘हमला’ म्हणतात, आणि त्यासाठी अंगाला बोटही लागावं लागत नाही. तुम्ही मूठ आवळून असे अंगावर आलात की समोरच्याला आता मारतोय असं वाटलं, तरी हमला झाला. हात प्रत्यक्ष लागला की ‘बलप्रयोग’. पेपरात जुन्या भारतीय दंड संहितेतला ‘३५३ चा गुन्हा’ वाचत होतात ना, सरकारी माणसाच्या कामात आडवं आल्याचा, त्यात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झालं. तरी चावडीवर अजून ३५३ च म्हणतात.

भिडस्त

मला या शब्दाचं मूळ फार आवडतं. इंग्रजीत तो साधारण १६०० च्या सुमारास फ्रेंचातून आला, फ्रेंचांनी इटालियनमधून घेतला. तिथे ‘अत्ताकारे’ म्हणजे जोडणे, चिकटवणे. ‘लढाई जोडणे’ असा वाक्प्रचार होता, त्यातली लढाई गळून पडली आणि जोडण्याचा हल्ला झाला. आपण मेलला जे ‘अटॅच’ करतो तो याचाच सख्खा भाऊ.

हे ऐकून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपलं ‘भिडणे’ बघा. भिंतीला भिंत भिडते आणि आखाड्यात पैलवानही भिडतात. ‘झोंबणे’ तसंच. उलट ‘आक्रमण’ हा चालण्यातला शब्द, म्हणून ‘वाट आक्रमणे’ म्हणजे वाटेवर हल्ला नव्हे. पाश्चात्त्य संगीतात एक भाग संपल्यावर न थांबता पुढचा सुरू करा असं सांगायला ‘अत्ताक्का’ लिहितात; बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत तिसरा भाग असाच चौथ्याला जाऊन भिडतो.

क्रिकेटचं राहिलं. ‘बॉलिंग अटॅक’ला कृपा करून ‘गोलंदाजी हल्ला’ लिहू नका. ‘मारा’ हा शब्द आहे. ‘तिखट मारा’, ‘भेदक मारा’. हल्ली मशीनचं भाषांतर जसंच्या तसं छापतात.

खडूची धूळ

भिडस्त, ‘भिडणे’ उद्याच फळ्यावर जाणार. आज वर्गात एक वेगळाच प्रयोग केला. ‘वुई अटॅक्ड द पुरणपोळीज’ असं फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, मराठी करा. ‘हल्ला केला’ वगैरे दोघा-तिघांनी लिहिलं. बाकीच्यांनी ‘तुटून पडलो’, ‘ताव मारला’, ‘फडशा पाडला’. मागच्या बाकावरच्या एकीनं ‘पोळ्या हाणल्या’ लिहिलंय. पूर्ण मार्क दिले.

छाटणीवाला, निफाड

ते सगळं ठीक गुरुजी. आबांचं तोंड उतरलं का?

खडूची धूळ

तिसऱ्या दिवशी उतरलं. मोहोळ अजून तिथंच आहे.