मामा ऑपरेशन टेबलवरच दगावला, आता आईचं ऑपरेशन आहे, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेऊ का?

कोपरीवाली:
आईला (५८) पित्ताशयात खडे आहेत, गुरुवारी ठाण्यातच दुर्बिणीतून काढायचंय. ईसीजी नॉर्मल, फिजिशियननी फिटनेसही दिलं. पण मला झोप नाही कारण २०११ ला माझा सख्खा मामा हर्नियाच्या ऑपरेशनला गेला तो परत आलाच नाही, ४१ चा होता, रोज तलावपाळीला फेऱ्या मारायचा, कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं आणि बीपी पडलं ते वर आलंच नाही. आम्ही डॉक्टरांच्या अंगावर धावून गेलो होतो. नंतर पीएममध्ये (पोस्टमॉर्टेममध्ये) निघालं की हृदयाचा स्नायू खूप जाड होता. आजीने तो कागद ट्रंकेत टाकला, विषय बंद. फिटनेसला आईने यातलं काहीच सांगितलं नाही, म्हणे शुभ कामाला जाताना कशाला ते. मी उगाच घाबरतेय का?

भूलवाला_वाशी:
अजिबात उगाच नाही ताई. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा हा आजार साधारण ५०० त एकाला असतो आणि बऱ्याचदा घराण्यात चालतो. बहुतेकांचा ईसीजी बिघडलेला दिसतो पण काहींचा अगदी नॉर्मल येतो, म्हणून इको कराच. स्नायू जाड झाला की बऱ्याच जणांत रक्त बाहेर पडायची वाट अरुंद होते, त्यात कमरेच्या भुलीने रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयात रक्त कमी भरतं आणि ती वाट अजून आवळते. मग बीपी चढवायला ठोके जोरात करणारं औषध दिलं की उलटंच होतं. आधी माहीत असेल तर आम्ही भूल वेगळी देतो, सलाइन आणि औषधं वेगळी ठरवतो. पीएमचा कागद भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या, नुसतं तोंडी सांगू नका. आणि जिना चढताना दम, छातीत दुखणं, चक्कर, हे आईंना नीट विचारा, बायका सांगत नाहीत.

ऐरोलीकर:
माझ्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन असंच थांबवलं होतं, तपासताना छातीत वेगळा आवाज आला म्हणून इको केला तर हृदयाची झडप आकसलेली. तारीख गेली म्हणून मी तेव्हा खूप भांडलो, आज त्या मॅडमचे पाय धरावेसे वाटतात. आधी झडप बदलली मग गुडघा.

कोपरीवाली:
ट्रंक उघडली, कागद मिळाला. उद्या सकाळी इको. आई रडली थोडी, मग म्हणाली पायऱ्या चढताना दम लागतो, वर्ष झालं. मामाचा मुलगा १९ चा आहे, कळव्याला क्रिकेट खेळतो, त्याला कधीच कुणी तपासलं नाहीये.

भूलवाला_वाशी:
वडिलांना असेल तर मुलाला यायची शक्यता निम्मी असते. त्यालाही उद्याच सोबत घेऊन जा, आणि रिपोर्ट येईपर्यंत मॅच बंद.

कोपरीवाली:
मामीला आत्ताच फोन लावते.