उत्तर: प्राण्यांची संस्था आपल्या डेटाचं काय करणार?

एका पोस्टमध्ये म्हटलंय की वन्यजीवांसाठी काम करणारी संस्था आपल्या डेटाचं काय वाकडं करणार, साइटवर कुकीजची (आपल्या वापराची नोंद ठेवायला परवानगी मागणारी) चौकट आली की ॲक्सेप्ट दाबून मोकळं व्हावं. नुसती साइट बघणाऱ्यापुरतं एक वेळ ठीक आहे, पण देणगीच्या फॉर्मवर आपण नाव, पत्ता, फोन सगळं देतो, खरा प्रश्न तिथून पुढे त्याचं काय होतं हा आहे.

ब्रिटनमध्ये हे झालंय. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी (लोकांच्या डेटाचे नियम पाळले जातात का हे बघणारे) आरएसपीसीए या प्राणी कल्याण संस्थेला २५,००० पौंड दंड केला आणि एप्रिल २०१७ मध्ये आणखी ११ संस्थांना, त्यात प्राण्यांसाठी काम करणाऱ्या आयएफएडब्ल्यूला १८,००० आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-यूकेला ९,००० पौंड. हॅकिंग वगैरे काही नव्हतं! देणगीदारांना न सांगता त्यांची आर्थिक ऐपत बाहेरच्या कंपन्यांकडून तपासून घेणं, न दिलेला फोन नंबर दुसरीकडून शोधून काढणं, इतर संस्थांना डेटा देणं, कोणी यातलं एक केलं कोणी जास्त. दंडही मुद्दाम कमी ठेवला, कारण तो शेवटी देणगीच्या पैशातूनच जाणार.

आपल्याकडे ८०जी (देणगीवरच्या आयकर सवलतीच्या) पावतीसाठी पॅन मागतात त्यात मात्र संशय घेण्यासारखं काही नाही, संस्थेला आयकर खात्याला द्यायच्या देणग्यांच्या विवरणात (फॉर्म १०बीडी) देणगीदाराची ओळख द्यावीच लागते. पण पावतीसाठी दिलेल्या नंबरावर प्रचाराचे मेसेज पाठवायची परवानगी फॉर्मवरच्या त्याच एका टिकमध्ये गुंडाळलेली असेल तर मी संस्थेला मेल करून ती वेगळी करा म्हणून सांगते, तुम्हीही सांगा.