मदत हवी आहे : सूक्ष्मस्तंभांच्या पीडीएमएस लेपावर संपर्क कोन १५० अंश, तरीही थेंब घरंगळत नाही

नमस्कार.

मी नागपुरात पॉलिमर विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. पाणी अंगाला लागू न देणारा, पण फ्लोरिनयुक्त रसायनांशिवाय बनणारा लेप हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात, आणि खरे तर उन्हाळ्यात शहरभरच, छतांवरील सौर पॅनेलांवर राख आणि धूळ यांचा जो थर बसतो तो थोडक्या पाण्यात वाहून जावा, हा त्यामागचा हेतू आहे. काम मात्र त्याच्या बरेच अलीकडे अडले आहे.

लेपासाठी सिलगार्ड १८४ हे पीडीएमएस (रबरासारखे मऊ, पारदर्शक पॉलिमर), मूळ द्रव आणि ते घट्ट करणारा घटक यांच्या नेहमीच्या १०:१ प्रमाणात वापरतो, निर्वात डेसिकेटरमध्ये बुडबुडे काढतो आणि मग ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसवर पक्के करतो. साचा सिलिकॉन चकतीवरील एसयू-८ या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचा असून तो बाहेरच्या एका संस्थेतून करून घेतला आहे. आमच्याकडे क्लीनरूम, म्हणजे असे साचे बनवण्याची धूळमुक्त प्रयोगशाळा, नाही, त्यामुळे साचा बदलणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्हींचा प्रश्न आहे. साच्यातून निघणारे स्तंभ गोल, १० मायक्रोमीटर व्यासाचे आणि १० मायक्रोमीटर उंचीचे असून दोन स्तंभांच्या केंद्रांतील अंतर २० मायक्रोमीटर आहे.

सपाट पीडीएमएसवर पाण्याचा संपर्क कोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, ११० अंशांच्या जवळपास येतो. केवळ रसायन बदलून यापुढे फारसे जाता येत नाही, कारण अगदी फ्लोरिनने भरलेल्या सपाट पृष्ठभागावरही हा कोन १२० अंशांच्या आसपासच थांबतो. पुढचे अंतर पृष्ठभागाच्या रचनेनेच कापावे लागते. माझ्या स्तंभांच्या माथ्यांनी एकूण क्षेत्राचा सुमारे २० टक्के भाग व्यापला आहे. हा आकडा स्तंभांच्या माथ्यांवर आणि मधल्या हवेवर टेकलेल्या थेंबासाठीच्या, कॅसी आणि बॅक्स्टर यांच्या १९४४ च्या सूत्रात घातला, तर अपेक्षित कोन १५० अंशांच्या किंचित वर येतो, आणि ५ मायक्रोलिटरचा ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब हलकेच ठेवून काढलेल्या छायाचित्रातही तो तेवढाच येतो. इथपर्यंत सगळे हिशेबात बसते.

अडचण यानंतरची आहे. लेप तिरका केला तरी थेंब जागचा हलत नाही, आणि पूर्ण उलटा केला तरी तो खाली न पडता लोंबकळत राहतो. अतिजलविरोधी म्हणवून घेण्यासाठी कोन १५० अंशांहून अधिक असणे पुरेसे नसते, थेंब १० अंशांच्या आतील उतारावर घरंगळलाही पाहिजे. त्यातला दुसरा निकषच मला गाठता येत नाही, आणि धूळ वाहून नेण्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. निबंधांमध्ये कोनाचा आकडा ठळक छापलेला असतो आणि घरंगळण्याचा कोन शोधावा लागतो, ही तक्रार येथे नोंदवून पुढे जातो.

माझी शंका अशी आहे की, थेंब स्तंभांच्या माथ्यावर हवेच्या गादीवर बसलेला असला तरी ती अवस्था स्थिर नाही. हवेवर बसलेला थेंब आणि खाचांत उतरलेला थेंब, म्हणजेच १९३६ मध्ये वेंझेल यांनी मांडलेली अवस्था, यांपैकी कोणती कमी ऊर्जेची हे स्तंभांच्या उंचीवरही ठरते. १० मायक्रोमीटर उंचीला हवेची अवस्था स्थिर राहण्यासाठी सपाट पृष्ठभागाचाच कोन सुमारे १२० अंश असावा लागतो, आणि तो पीडीएमएसला गाठता येत नाही. उंची २० मायक्रोमीटर केली, तर हीच मर्यादा ११० अंशांवर येते, म्हणजे काठावर. ३० केली तर १०५ च्या आसपास उतरते. परंतु पीडीएमएस मऊ असल्यामुळे फार उंच आणि सडपातळ स्तंभ साच्यातून सोडवताना वाकतात किंवा एकमेकांना चिकटतात, हेही खरे.

ऋतूचाही काही संबंध असावा असे वाटते. मे महिन्यातील कोरड्या हवेत काही थेंब निदान धक्का दिल्यावर सरकत असत. पावसाळी हवेत तेवढेही होत नाही.

पर्याय म्हणून अळूच्या पानाचा ठसा घेण्याचा विचार आहे. कॉटन मार्केटमध्ये ताजी पाने सहज मिळतात, आणि कमळाप्रमाणेच अळूच्या पानावरही सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे नॅनो आकाराचे स्फटिक अशी दुहेरी रचना असते. पण पानावरून पीडीएमएसचा उलटा ठसा घेतल्यावर त्यात पुन्हा पीडीएमएस ओतले, की दोन्ही थर एकमेकांना कायमचे चिकटतात. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय फ्लोरोसिलेन या फ्लोरिनयुक्त रसायनाच्या वाफेचा आहे. पीएफओएस या फ्लोरिनयुक्त आम्लासाठी २००९ मध्ये आणि पीएफओए या तशाच आम्लासाठी २०१९ मध्ये, दीर्घकाळ न विघटणाऱ्या प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराखाली निर्बंध आल्यानंतर या कुळातील रसायनांपासून दूरच राहावे, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे आणि मला ते पटते.

तेव्हा माझे प्रश्न असे : थेंब अडकण्याचे कारण उंची हेच आहे का, हे साध्या साधनांनी कसे तपासावे? हाच साचा ठेवून घरंगळण्याचा कोन कमी करता येईल का? आणि पानाच्या ठशासाठी फ्लोरिनशिवाय काय वापरावे?

प्रतिसाद :

आपला हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मी लगेच मान्य करणार नाही. थेंब खरोखर खाचांत उतरला असता, तर कोनही बहुधा खाली आला असता. थेंब हवेवरच असूनही चिकटू शकतो, कारण पाणी मागे सरकताना त्याची कड प्रत्येक स्तंभाच्या माथ्याला धरून राहते. पीडीएमएसवर पाणी पुढे सरकतानाचा आणि मागे सरकतानाचा कोन यांत बराच फरक असतो. म्हणून ठेवलेल्या थेंबाचा एकच कोन मोजून थांबू नका. बारीक सुई थेंबातच ठेवून पाणी हळूहळू ओढून घ्या आणि कड सरकू लागते त्या क्षणाचा कोन मोजा.

हवा आहे की नाही हे पाहण्यासाठी लेपाचा तुकडा काचेच्या भांड्यात पाण्याखाली तिरपा धरा आणि बाजूने निरखा. हवेचा थर टिकून असेल, तर पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे लेप पाण्यात बुडवलेल्या अळूच्या पानासारखा चांदीप्रमाणे चमकेल. जेथे पाणी आत शिरले असेल तेथील चमक जाईल. पावसाळ्यातील फरकाचे कारण मला बाष्पाचे संघनन वाटते. लेप हवेपेक्षा थोडा जरी थंड असला, तरी दमट हवेत बाष्प स्तंभांच्या मधल्या जागेतच साकळते आणि वरून ठेवलेला थेंब त्याला जाऊन मिळतो. ताज्या कमळपानाचीही वाफेसमोर अशीच गत होते. त्यामुळे मोजमापाआधी तुकडा ओव्हनमध्ये सुकवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर लगेच मोजा.

साचा तोच ठेवायचा असेल, तर माथ्यांवर दुसरी, अधिक बारीक रचना द्या. हेक्सामिथिलडायसिलाझेनने प्रक्रिया केलेली जलविरोधी फ्यूम्ड सिलिका (सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरळ मिसळून, अर्धवट पक्क्या झालेल्या लेपावर फवारता येते. पानाच्या ठशासाठी पीडीएमएसचा उलटा साचा १०० अंशांवर सुमारे दोन दिवस तापवून जुना केला, तर दुसरा थर पुष्कळ कमी चिकटतो. पान मात्र ओव्हनमध्ये घालू नका. पहिला ठसा खोलीच्या तापमानालाच पक्का होऊ द्या, आणि लॅटेक्सऐवजी नायट्राइलचे हातमोजे वापरा, कारण लॅटेक्समधील गंधकाने पीडीएमएस पक्के करणारा प्लॅटिनम उत्प्रेरक निकामी होतो.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर :

मनःपूर्वक आभार. पाण्याखालची चाचणी लगेच करून पाहिली. तुकड्याचा मधला भाग स्वच्छ चांदीसारखा दिसतो, कडेच्या पट्ट्या मात्र निस्तेज आहेत. म्हणजे मध्यभागी आपण म्हणता तसे माथ्यांना धरून राहणे आणि कडांना पाणी आत शिरणे, असे दोन्ही प्रकार एकाच तुकड्यावर होत असावेत. मागे सरकतानाचा कोन आता दोन्ही भागांवर वेगवेगळा मोजतो.

सिलिकाबाबत एक शंका उरते. साच्यातून सोडवायचे तर लेप पुरेसा घट्ट हवा, आणि कण रुतून बसायचे तर तो पुरेसा ओला हवा. या दोहोंमधली योग्य वेळ कशी ओळखावी? की पूर्ण पक्क्या स्तंभांवर पातळ केलेल्या पीडीएमएसचा झिरझिरीत थर देऊन त्यावर कण फवारणे अधिक सोयीचे ठरेल? तसे केल्यास खाचा भरून जाऊ नयेत म्हणून पीडीएमएस हेक्सेन या द्रावकात किती विरळ करावे, याचा अनुभव कोणास असल्यास कृपया सांगावे.